प्रसिद्धीपत्रकाचे जनक : आयव्ही ली

वृत्तपत्राच्या कार्यालयात रोज येणाऱ्या मजकुरात प्रसिद्धीपत्रकांचा वाटा मोठा असतो. महापालिका, बँका, राजकीय पक्ष, कारखाने, महाविद्यालये, साहित्यसंस्था अशा नानाविध ठिकाणांहून ती येत राहतात. त्यांतील बहुसंख्य पत्रके उपसंपादकाच्या टोपलीत जातात, काहींची चार ओळींची बातमी होते आणि एखादेच पत्रक जवळपास जसेच्या तसे छापले जाते. सकाळी चहाबरोबर वृत्तपत्र वाचणाऱ्याला, कोणती बातमी वार्ताहराने स्वतः मिळवली आणि कोणती पत्रकावरून उतरली, हे सहसा कळत नाही. ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिलाही कोणी जन्मदाता असेल असे वाटत नाही. परंतु प्रसिद्धीपत्रकाच्या आधुनिक रूपाचा उगम शोधू गेल्यास एका अमेरिकन पत्रकाराचे नाव समोर येते. ते नाव म्हणजे आयव्ही लेडबेटर ली. पत्रक कसे लिहावे हे त्यांच्या यशातून जितके शिकता येते, तितकेच ते त्यांच्या अपयशातूनही शिकता येते.

धर्मोपदेशकाचा मुलगा

ली यांचा जन्म १६ जुलै १८७७ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सीडरटाऊन या गावी झाला. त्यांचे वडील जेम्स वाइडमन ली हे मेथडिस्ट पंथाचे नामांकित धर्मोपदेशक होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून जेमतेम एक तप झाले होते आणि दक्षिणेकडील राज्ये त्या पराभवातून सावरत होती. शब्दांच्या बळावर माणसांची मने वळविता येतात, हा संस्कार घरातूनच मिळालेला. एमरी महाविद्यालयात काही काळ शिकल्यानंतर ली प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाले आणि १८९८ साली पदवीधर झाले.

पदवीनंतर त्यांनी न्यूयॉर्क गाठले. 'न्यूयॉर्क टाइम्स', 'न्यूयॉर्क वर्ल्ड' अशा दैनिकांत त्यांनी वार्ताहर म्हणून उमेदवारी केली. वॉल स्ट्रीटवरील उलाढालींच्या बातम्या देताना बँका, रेल्वे आणि खाणी यांच्या मालकांचे जग त्यांना जवळून पाहायला मिळाले. १९०१ साली त्यांचा विवाह झाला. वार्ताहराच्या तुटपुंज्या वेतनात न्यूयॉर्कसारख्या शहरातील संसार चालविणे सोपे नव्हते. १९०३ साली महापौरपदाचे उमेदवार सेथ लो यांच्या प्रचाराचे काम त्यांनी स्वीकारले आणि पत्रकारितेचा निरोप घेतला. त्या निवडणुकीत लो पराभूत झाले. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ली यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी विभागात काम केले. तोही उमेदवार थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे पराभूत झाला. तथापि, या दोन पराभवांतून ली यांना आपला व्यवसाय सापडला. प्रचाराच्या कामात भेटलेले ज्येष्ठ पत्रकार जॉर्ज पार्कर यांच्यासमवेत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'पार्कर अँड ली' ही प्रसिद्धीचे काम करणारी संस्था काढली.

बंद दरवाजांचा काळ

तो काळ बड्या भांडवलदारांविरुद्ध लोकक्षोभ उसळण्याचा होता. आयडा टार्बेल यांनी 'मॅक्‌क्लुअर्स' मासिकातील लेखमालेतून जॉन डी. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे व्यवहार चव्हाट्यावर आणले होते. रेल्वे, मांस, विमा अशा एकेका धंद्यातील गैरप्रकार शोधपत्रकार उघडकीस आणत होते. त्यावर मालकवर्गाचे उत्तर ठरलेले होते. ते म्हणजे मौन. वार्ताहर आला की दार बंद करायचे, अपघात झाला की तो दडपायचा आणि निभावलेच नाही तर वृत्तपत्रांना जाहिराती किंवा पत्रकारांना रेल्वेचे मोफत पास देऊन त्यांची तोंडे बंद करायची, अशी रीत होती.

या रीतीचे तोटे १९०२ च्या कोळसा खाण संपात स्पष्ट झाले होते. पेनसिल्व्हेनियातील खाण कामगारांचे नेते जॉन मिचेल पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. खाणमालक मात्र पत्रकारांशीच काय, राष्ट्राध्यक्षांशीही सरळ बोलायला तयार नव्हते. परिणामी जनमत कामगारांच्या बाजूने झुकले. १९०६ साली पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली तेव्हा खाणमालकांनी ली यांना पाचारण केले.

ली यांनी काम हाती घेताच वृत्तपत्रांच्या संपादकांना एक छोटेसे निवेदन पाठविले. प्रसिद्धीच्या इतिहासात ते तत्त्वांचा जाहीरनामा म्हणून ओळखले जाते. आपले कार्यालय गुप्तपणे काम करणारे नाही, जे काही आहे ते उघड आहे, असे त्यात त्यांनी सांगितले होते. आपण बातमी पुरवितो, जाहिरात नव्हे. एखादा मजकूर जाहिरात विभागाकडे जाण्याच्या योग्यतेचा वाटला तर संपादकांनी तो वापरू नये, असेही त्यांनी लिहिले. दिलेली माहिती अचूक असेल, अधिक तपशील हवा असल्यास तो तातडीने दिला जाईल आणि कोणत्याही विधानाची स्वतंत्रपणे शहानिशा करू इच्छिणाऱ्या संपादकाला सर्व साहाय्य मिळेल, अशी हमी त्यांनी दिली.

आज प्रसिद्धीपत्रक कसे लिहावे यावर जाडजूड पुस्तके निघतात, अभ्यासक्रम चालतात. त्या साऱ्यांचे सार या काही ओळींत आले आहे. पत्रक कोणाच्या वतीने निघाले हे स्पष्ट असावे, त्यात खरोखरीच बातमी असावी, माहिती बिनचूक असावी, ते वेळेत पोहोचावे आणि पडताळणीसाठी कोणाशी बोलायचे हे संपादकाला ठाऊक असावे. ली स्वतः वार्ताहर असल्याने वृत्तपत्राची गरज त्यांना आतून कळत होती. छापखान्याची वेळ गाठण्याची घाई, रिकामा स्तंभ भरण्याची निकड आणि फसविले जाण्याची सततची धास्ती या तिन्ही गोष्टी त्यांनी अनुभवल्या होत्या. म्हणूनच त्यांची पत्रके मालकाची स्तुतिस्तोत्रे न वाटता वार्ताहराने लिहिलेल्या बातमीसारखी वाटत.

अटलांटिक सिटीचा अपघात

या तत्त्वांची खरी कसोटी त्याच वर्षी लागली. २८ ऑक्टोबर १९०६, रविवारचा दिवस. न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहराकडे निघालेली तीन डब्यांची विजेवर चालणारी गाडी खाडीवरील पुलावर रुळांवरून घसरली आणि पाण्यात कोसळली. ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ही गाडी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अखत्यारीतील मार्गावरची होती आणि या रेल्वेने त्याच वर्षी ली यांना आपल्या प्रसिद्धीचे काम दिले होते.

जुन्या रीतीनुसार आता कार्यालयाचे दरवाजे बंद व्हायचे, कर्मचाऱ्यांना तोंड न उघडण्याची ताकीद मिळायची आणि वार्ताहरांना घटनास्थळापासून दूर ठेवले जायचे. ली यांनी कंपनीला नेमके उलट करायला लावले. अफवा पसरण्यापूर्वीच अपघाताविषयीचे कंपनीचे निवेदन वृत्तपत्रांच्या हाती पडले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ३० ऑक्टोबरच्या अंकात ते कंपनीचे निवेदन म्हणून शब्दशः छापले. आधुनिक अर्थाने पहिले प्रसिद्धीपत्रक म्हणून इतिहासकार याच निवेदनाकडे बोट दाखवितात.

दुर्घटनेच्या वेळी लोकांना माहिती हवी असते, आणि ती अधिकृत व्यक्तीकडून मिळाली नाही तर लोक ती अन्यत्र शोधतात. ली यांनी हे ओळखले होते. माहिती देणारी कंपनी निर्दोष ठरत नाही. परंतु ती काही लपवीत आहे हा संशय तरी उरत नाही. अपघाताच्या जागी वार्ताहरांना कंपनीच्या खर्चाने नेण्याचा आणि त्यांना हवी ती माहिती पुरविण्याचा पायंडाही ली यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेत पाडला. मौनाची सवय जडलेल्या रेल्वे अधिकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. पण कंपनीकडे पाहण्याची वृत्तपत्रांची दृष्टी त्यामुळे बदलली आणि ली यांचे नाव झाले. काही वर्षे युरोपात काढल्यानंतर १९१२ साली ते पेनसिल्व्हेनिया रेल्वेत अध्यक्षांचे कार्यकारी साहाय्यक म्हणून परतले. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या माणसाला एवढे मानाचे स्थान मिळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

लडलोची राख

ली यांच्या आयुष्यातील दुसरी कसोटी कोलोराडो राज्यातील कोळशाच्या खाणींत वाट पाहत होती. तेथील कोलोराडो फ्युएल अँड आयर्न कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचा मोठा हिस्सा होता. सप्टेंबर १९१३ मध्ये खाण कामगारांनी संप पुकारला. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेल्या कामगारांनी बायकामुलांसह तंबू ठोकून मुक्काम केला. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वसाहतीवर राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी हल्ला चढविला. दिवसभर गोळीबार झाला, संध्याकाळी तंबू पेटले. एका तंबूखालील खड्ड्यात आश्रय घेतलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेली. साऱ्या देशात संतापाची लाट उसळली आणि न्यूयॉर्कमध्ये बसलेले जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) या संतापाचे लक्ष्य झाले.

रॉकफेलर यांनी ली यांचा सल्ला घेतला. पेनसिल्व्हेनिया रेल्वेची नोकरी सांभाळून ली यांनी दरमहा १,००० डॉलर मेहनतान्यावर हे काम पत्करले. खाणमालकांची बाजू मांडणाऱ्या पत्रकांची मालिकाच त्यांनी सुरू केली. ही पत्रके देशभरातील संपादक, लोकप्रतिनिधी, धर्मोपदेशक, शिक्षक अशा मत घडविणाऱ्या मंडळींना टपालाने जात. भाषा तशीच सरळ, मांडणी तशीच नेटकी आणि पानोपानी आकडे.

पण या वेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली म्हणजे, पत्रके कोलोराडोतील खाण व्यवस्थापकांच्या समितीच्या नावाने निघत. ती लिहिणारा हात ली यांचा आहे आणि त्या हाताला रॉकफेलर यांच्याकडून मोल मिळते, हे वाचणाऱ्याला कळत नसे. सारे काही उघड असेल हे १९०६ चे वचन येथे मोडले गेले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. पत्रकांतील माहिती खरी नव्हती. कामगार नेत्यांना वर्षभरात मिळालेले वेतन आणि प्रवासखर्च काही आठवड्यांचीच कमाई असल्याप्रमाणे दाखविण्यात आले. उपाशी कामगारांच्या जिवावर नेते गबर होत आहेत, असा त्याचा अर्थ निघत होता. चूक ध्यानात आल्यावरही दुरुस्ती निघण्यास बराच विलंब लागला. लडलो येथील मृत्यूंची जबाबदारी हल्ला करणाऱ्यांवर येणार नाही अशा रीतीने घटना मांडण्यात आली.

केंद्र शासनाने नेमलेल्या औद्योगिक संबंध आयोगापुढे १९१५ साली ली यांची साक्ष झाली. आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श हे कसलेले वकील होते. पत्रकांतील मजकूर कोठून आला, असे त्यांनी विचारले. खाण व्यवस्थापकांकडून, असे ली यांनी सांगितले. तो खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी स्वतः काय केले, हा वॉल्श यांचा पुढचा प्रश्न होता. काहीही केले नाही, अशी कबुली ली यांना द्यावी लागली. अचूकतेची हमी देणाऱ्या, संपादकांना पडताळणीचे आवाहन करणाऱ्या माणसाने स्वतः मात्र पडताळणी केलेली नव्हती. अशिलाने दिलेली माहिती मांडणे हे आपले काम, तिच्या सत्यासत्यतेचा भार माहिती देणाऱ्यावर, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका वकिलाला शोभली असती. न्यायालयात समोर दुसरा वकील असतो, उलटतपासणी होते, न्यायाधीश निवाडा देतो. टपालाने आलेले पत्रक वाचणाऱ्या गावोगावच्या संपादकापुढे आणि शिक्षकापुढे यांपैकी काहीच नव्हते. त्याच्यापुढे केवळ छापील आकडे होते आणि त्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हते. कवी कार्ल सँडबर्ग यांनी ली यांना पगारी असत्यवादी ठरविले. अमेरिकेत अंगावर खाज आणणारी 'पॉयझन आयव्ही' नावाची एक वेल आहे. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी तेच नाव ली यांना चिकटविले आणि ते त्यांना जन्मभर पुरले.

ली यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद करायला हवी. कोलोराडोला स्वतः जाऊन आल्यानंतर, कामगारांना गाऱ्हाणी मांडायला जागाच नाही हे त्यांनी ओळखले आणि तसे रॉकफेलर यांच्या कानावर घातले. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये रॉकफेलर स्वतः कोलोराडोला गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या घरी गेले. कॅनडाचे पुढील काळातील पंतप्रधान मॅकेंझी किंग यांच्या सल्ल्याने कामगार प्रतिनिधित्वाची एक योजनाही तेथे लागू झाली. ती स्वतंत्र कामगार संघटनेला पर्याय ठरू शकत नव्हती. तरीही आधीच्या मौनापेक्षा ते एक पाऊल पुढे होते. पत्रकांच्या मालिकेने जे साधले नाही, ते काही अंशी या भेटीने साधले. प्रसिद्धीने प्रतिमा सुधारण्यापूर्वी धोरण सुधारावे लागते, असे ली पुढे आपल्या अशिलांना आवर्जून सांगत.

अखेरचा वाद

पहिल्या महायुद्धात ली यांनी अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रसिद्धीचे काम केले. १९१९ साली त्यांनी स्वतःची संस्था पुन्हा उभी केली. रॉकफेलर कुटुंब, बेथलेहेम स्टील, पेनसिल्व्हेनिया रेल्वे अशी मातब्बर नावे तिच्या यादीत होती. १९२५ साली प्रसिद्धीविषयीचे त्यांचे विचार पुस्तकरूपाने आले. निखळ सत्य कोणालाही सांगता येत नाही, प्रत्येक जण आपल्याला दिसलेला अर्थच सांगत असतो, असा विचार ते मांडू लागले होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात या विचाराला स्थान असेलही. पण नऊ आठवड्यांची कमाई आणि वर्षाची कमाई यांतला फरक हा अर्थ लावण्याचा प्रश्न नसतो.

या विचाराने त्यांना शेवटी एका भयंकर वळणावर आणून सोडले. जर्मनीतील आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन कंपनीचे ते सल्लागार झाले. मोबदला होता वर्षाला २५,००० डॉलर. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला होता आणि अमेरिकेत जर्मनीविरुद्ध जनमत तापू लागले होते. ते कसे निवळेल यावर ली यांनी सल्ला दिला. जर्मनीत ते हिटलर आणि गोबेल्स यांना भेटलेही. मे १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीपुढे त्यांची साक्ष झाली. आपण नाझी प्रचार अमेरिकेत पसरविला नाही, उलट परकीय प्रचार अमेरिकेत आणू नये असेच जर्मनांना सांगितले, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुलैमध्ये ही साक्ष उघड झाली तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना हिटलरचा प्रसिद्धीप्रमुख ठरविणारे मथळे दिले. ज्या वृत्तपत्रांना ली तीन दशके पत्रके पुरवीत आले होते, त्यांच्याकडून आपली बाजू समजून घेतली जाईल ही आशा फोल ठरली. एकदा गमावलेला विश्वास ऐनवेळी उसना मिळत नाही.

या वादातून बाहेर पडण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही. मेंदूतील गाठीच्या विकाराने ९ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५७ वर्षांचे होते. परकीय शक्तींसाठी अमेरिकेत प्रचाराचे काम करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९३८ साली आला. त्यामागे या समितीच्या चौकशीचा हात होता. काम उघडपणे व्हावे, ही ली यांनीच १९०६ साली घातलेली अट अशा रीतीने कायद्यात उतरली.

ली यांची कागदपत्रे आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. जनसंपर्क शिकविणाऱ्या वर्गांत त्यांचे नाव आजही घेतले जाते. कधी आदर्श म्हणून, कधी इशारा म्हणून. अटलांटिक सिटीचे पत्रक आणि कोलोराडोची पत्रके यांच्या लेखनकौशल्यात फारसा फरक नव्हता. दोन्हींची भाषा स्वच्छ होती, दोन्ही बातमीच्या रूपात होती, दोन्ही योग्य हातांत पोहोचली. फरक एवढाच, की एका पत्रकाखाली ते काढणाऱ्याचे नाव होते; दुसऱ्यांमागे लिहिणारा आणि पैसे देणारा लपलेले होते आणि आतील आकडे कोणी तपासलेले नव्हते. परिणामकारक प्रसिद्धीपत्रकाची सूत्रे आज संगणकावर क्षणार्धात मिळतात, सुबक मसुदेही तयार होतात. परंतु पत्रक पाठविण्यापूर्वी लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न १९१५ साली वॉल्श यांनी आयोगासमोर विचारला, तोच आहे. हे खरे आहे का, हे पाहण्यासाठी आपण स्वतः काय केले? त्याचे उत्तर देता येत नसेल, तर ते पत्रक उपसंपादकाच्या टोपलीत जाणेच सर्वांच्या हिताचे ठरते.